अवकाशनगरींतील लष्करी पोलीस

सैन्य म्हटलें कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो लढणारा शिपाई. पण त्याच सैन्यांत दुसरा एक शिपाई असतो. त्याची नजर शत्रूवर नसून आपल्याच सोबत्यांवर असते. पुणें किंवा देवळाली ह्यांसारख्या छावणीच्या गांवीं राहणाऱ्या लोकांनीं, तांबडी टोपी घातलेला आणि दंडावर ‘एम. पी.’ हीं दोन अक्षरें लावलेला असा शिपाई, सैन्याच्या गाड्यांना वाट करून देतांना पाहिलेला असतो. हाच लष्करी पोलीस. रजेवांचून पळालेल्या शिपायास शोधून आणावें, गणवेषांतील माणसानें मांडलेला दंगा आवरावा, युद्धकैद्यांवर पहारा ठेवावा, अशीं त्याचीं कामें. कामें वरवर साधीं दिसतात. परंतु ज्याच्या हातीं शस्त्र आहे अशाच माणसाला अटक करण्याचें हें काम आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील अवघडपणा कळून येतो.

भारताच्या १९५० च्या सैन्य अधिनियमांत ह्या कामाची मर्यादा मोठ्या स्पष्टपणें घालून दिली आहे. सैन्यांतील बंदोबस्तासाठीं जो अधिकारी नेमतात त्यास प्रोव्होस्ट-मार्शल म्हणतात. अधिनियमाच्या १०७ व्या कलमाप्रमाणें त्याला लष्करी कायद्याखालीं येणाऱ्या आरोपीस पकडून चौकशीसाठीं अडकवून ठेवतां येतें, आणि लष्करी न्यायालयानें सांगितलेली शिक्षा अमलांतहि आणतां येते; परंतु स्वतःच्या अधिकारांत कोणासहि कसलीहि शिक्षा देतां येत नाहीं. पकडणारा हात एक आणि शिक्षा ठरविणारें तोंड दुसरें, अशी ही योजना आहे. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, असें आपल्याकडे म्हणतात. कुंपणाला हा मोह होतो हें शहाण्या लोकांस पूर्वींपासून ठाऊक होतें, म्हणूनच कायद्यानें त्याच्या तोंडाला अशी मुसकी बांधली.

ही मुसकी हळूहळू सैल केली तर काय होतें, हें इतिहासांत जसें पाहावयास मिळतें तसें कल्पित कथेंतहि मिळतें. किंबहुना कथेंत तें अधिक जवळून आणि अधिक सावकाश पाहतां येतें. अमेरिकन लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की ह्यांची ‘बॅबिलॉन फाइव्ह’ ही दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथामालिका ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तिची नांदी असलेला चित्रपट १९९३ सालीं दाखविला गेला, आणि पुढें १९९४ ते १९९८ ह्या काळांत पांच पर्वांत मिळून तिचे ११० भाग झाले. परग्रहांवरील वकील, तारकांमधील युद्धें, प्राचीन जातींचीं वैरें, ह्यांमुळें ती गाजली. तथापि तिच्या पहिल्या तीन पर्वांत आणखी एक कथा शांतपणें सांगितलेली आहे, आणि ती आहे एका पोलीस दलाची.

कथेचा काळ इसवी सनाच्या तेविसाव्या शतकांतील. पृथ्वीवरील माणसें आणि मिनबारी नांवाची एक परग्रहवासी जात ह्यांच्यांत भयंकर युद्ध होऊन गेलेलें आहे. असें युद्ध पुन्हां होऊं नये, निरनिराळ्या जातींच्या वकिलांनीं एका ठिकाणीं बसून भांडणें मिटवावीं, एवढ्यासाठीं पृथ्वीच्या शासनानें अवकाशांत एक नगर उभारलें. तेंच बॅबिलॉन फाइव्ह. पांच मैल लांबीचें हें नगर एका नळकांड्याप्रमाणें स्वतःभोंवतीं फिरत असतें, व त्या फिरण्यानें आंतील माणसांस वजन मिळतें. सुमारें अडीच लक्ष माणसें व परग्रहवासी तेथें राहतात. वकील, व्यापारी, हमाल, जुगारी, भणंग, सर्व प्रकारचे लोक त्यांत आहेत. नगराच्या तळाशीं निष्कांचन लोकांची एक वस्तीच झालेली आहे. आले खरे, पण परतीचें भाडें नाहीं, अशी तेथील कित्येकांची स्थिति.

हें नगर सैन्याच्या ताब्यांत आहे. त्याचा मुख्य सेनाधिकारी, आणि बंदोबस्त ठेवणारे पहारेकरीहि पृथ्वीच्या सैन्याचेच नोकर. निराळे नागरी पोलीस तेथें नाहींत. म्हणजे ज्या दलाचें काम एरवीं छावणीपुरतें असावयाचें, त्याच्याच हातीं अडीच लक्ष नागरिकांचें दैनंदिन जीवन सोंपविलेलें आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांचीं ओळखपत्रें तपासणें, चोरटा माल पकडणें, वकिलांच्या जिवाला जपणें, खुनाचा तपास करणें, हें सारें त्यांनींच करावयाचें. त्यांच्या हातांतील शस्त्रहि विचारपूर्वक योजलेलें आहे. साध्या बंदुकीच्या गोळीनें नगराच्या भिंतीस भोंक पडलें तर आंतली हवा बाहेर जाऊन सर्वांचाच घात व्हावयाचा. म्हणून ते तप्त वायूचा गोळा फेंकणारें हत्यार वापरतात. माणसाला तें जिवें मारतें, भिंतीला मात्र भोंक पाडीत नाहीं.

ह्या दलाचा प्रमुख मायकेल गॅरिबाल्डी हा चीफ वॉरंट ऑफिसरच्या दर्जाचा गृहस्थ आहे. त्याला दारूचें व्यसन होतें, त्यापायीं त्याच्या नोकरींतील कारकीर्दीला डाग लागलेला होता. नगराचा पहिला मुख्य अधिकारी जेफ्री सिंक्लेअर ह्यानें त्याची पारख करून त्याला हें काम दिलें. गॅरिबाल्डी संशयी आहे, थट्टेखोर आहे, कधीं कधीं नियमाची कड वांकवतोहि. पण आपली निष्ठा कोठें आहे ह्याबद्दल त्याच्या मनांत गोंधळ नाहीं. असा माणूस नायकांच्या पंक्तींत बसवून लेखकानें पुढील कथेची पायाभरणी केली आहे.

पहिल्या पर्वांतील एका भागांत, १९९४ सालच्या ‘क्वालिटी ऑफ मर्सी’ ह्या कथेंत, तीन खून करणारा एक मनुष्य पकडला जातो. त्यानें मारलेल्यांपैकीं एक गॅरिबाल्डीच्या दलांतला शिपाई असतो. असल्या माणसाला सरळ हवाबंद दरवाजा उघडून अवकाशांत लोटून द्यावें, असें गॅरिबाल्डीला मनापासून वाटतें. पण निवाडा करण्याचा अधिकार त्याचा नाहीं. त्यासाठीं नगरांत स्वतंत्र नागरी न्यायाधीश आहे. देहांताची ती शिक्षा कायद्यानें फक्त बंड आणि राजद्रोह ह्यांसाठीं राखून ठेवलेली असल्यामुळें न्यायाधीश निराळी शिक्षा सांगतो: गुन्हेगाराची सारी स्मृति व व्यक्तित्व पुसून टाकावें. ती शिक्षा योग्य कीं अयोग्य हा वाद निराळा. येथें पाहण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, आपला सोबती मारला गेल्यावरहि पोलीस रागानें चरफडतो, पण हात आवरतो. आपल्या सैन्य अधिनियमाचें १०७ वें कलम ज्या गोष्टीसाठीं आहे, ती हीच.

दुसरा प्रसंग संपाचा आहे. गोदीवर काम करणाऱ्या मजुरांना माणसें कमी, यंत्रें निकृष्ट, पगार अपुरा. एक अपघात होऊन एक मजूर दगावतो आणि काम बंद पडतें. शासनाच्या नोकरांस संपाचा हक्क नाहीं, म्हणून पृथ्वीवरून आलेला मध्यस्थ एका कडक कायद्याचा आधार घेतो. त्या कायद्याप्रमाणें मुख्य अधिकाऱ्यास कोणत्याहि उपायानें संप मोडण्याचा अधिकार मिळतो. लष्करी पोलीस काठ्या-ढाली घेऊन मजुरांसमोर उभे राहतात, आणि झोंबाझोंबीहि सुरू होते. उद्यांपासून ज्यांच्या शेजारीं राहावयाचें, ज्यांच्याच खाणावळींत जेवावयाचें, त्यांच्यावर हात टाकण्याची पाळी ह्या शिपायांवर येते. सैनिकाला नागरी वादांत पोलीस म्हणून उभें करूं नये, ह्यासाठीं अमेरिकेनें १८७८ सालींच एक स्वतंत्र कायदा केला होता, त्याचें कारण अशा वेळीं ध्यानांत येतें. कथेंत सिंक्लेअर त्या हुकुमाचे शब्द नीट वाचून पाहतो. ‘कोणत्याहि उपायानें’ असें म्हटलें आहे ना? मग तो लष्करी खर्चाच्या रकमेंतून पैसा काढून मजुरांच्या मागण्या पुऱ्या करतो व संपकऱ्यांस माफी देतो. संप मिटतो, कोणाचें डोकें फुटत नाहीं. वरिष्ठांस मात्र ही युक्ति रुचत नाहीं, व तसें ते बजावतातहि.

ह्या दोन्ही कथांत पोलिसांना आवरणारें कोणी तरी आहे: एकींत न्यायाधीश, दुसरींत समंजस अधिकारी. पण स्वतः पोलिसांवरच आळ आला तर? ‘सर्व्हायव्हर्स’ ह्या भागांत तेंहि घडतें. राष्ट्राध्यक्षांच्या भेटीपूर्वीं नगरांत स्फोट होतो आणि संशय खुद्द गॅरिबाल्डीवर येतो. राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाची मेजर लियाना केमर त्याला कामावरून दूर करते. तिच्या वडिलांच्या मृत्यूस गॅरिबाल्डी कारण झाला अशी तिची समजूत असते, त्यामुळें पुरावा तिला लवकर पटतो. खरा अपराधी निघतो तो तिचाच मदतनीस. त्याच पर्वांतील ‘आइज’ ह्या भागांत कर्नल बेन झेन नांवाचा अंतर्गत चौकशीचा अधिकारी येतो. मनांतील विचार वाचणारा एक मनुष्य त्यानें बरोबर आणलेला असतो, आणि नगरांतील अधिकाऱ्यांच्या निष्ठेची झडती घेण्याचा त्याचा बेत असतो. विशिष्ट आरोप ठेवल्यावांचून अशी झडती घेतां येत नाहीं, असा नियम दाखवून सिंक्लेअर त्याला अडवितो. तेव्हां कर्नल आरोपच तयार करतो आणि नगराचा ताबा घेऊं पाहतो. शेवटीं त्याच्याच सोबत्याला त्याच्या मनांतील द्वेष दिसतो; ह्या नगराचें अधिपत्य आपल्याला न मिळतां सिंक्लेअरला मिळालें, हें शल्य त्या द्वेषाच्या मुळाशीं असतें.

दोन्ही कथांत चौकशी करणाऱ्याच्या हातीं अधिकार खरा होता, कागदपत्रें खरीं होतीं. चूक झाली ती अशी कीं, घरगुती दुःख किंवा मत्सर अधिकाराचा पोषाख घालून आला. अशा वेळीं ज्याच्यावर आळ आला त्याला बचावाचें साधन म्हणून एक नियमांचें पुस्तक उरतें. ह्या मालिकेंत नियम हे बहुधा दुर्बळाच्या बाजूनें उभे केलेले आहेत, हा तिचा विशेष होय.

पहिलें पर्व संपतां संपतां ह्या पुस्तकाच्याहि पलीकडचा घाला पडतो. राष्ट्राध्यक्ष सँटिआगो ह्यांचें यान गुरूच्या उपग्रहाजवळ स्फोट होऊन नष्ट होतें. त्याच सुमारास नगरांत गॅरिबाल्डीवर पाठीमागून गोळी झाडली जाते, आणि ती झाडणारा असतो त्याच्याच दलांतील हाताखालचा विश्वासू मनुष्य. गॅरिबाल्डी वांचतो, गुन्हेगार सांपडतो, पण पृथ्वीकडे नेतांना वाटेंतच नाहींसा होतो. उपाध्यक्ष मॉर्गन क्लार्क राष्ट्राध्यक्ष होतात. कुंपणाची एक काठी आंतूनच किडलेली होती, हें प्रेक्षकाला आतां कळतें. किती काठ्या किडल्या आहेत हें कळावयास आणखी दोन पर्वें जावीं लागतात.

दुसऱ्या पर्वांत जॉन शेरिडन हा नवा मुख्य अधिकारी आलेला आहे. १९९५ मध्यें दाखविलेल्या एका भागांत शांतता मंत्रालयाचा एक गोडबोल्या गृहस्थ नगरांत येतो आणि ‘नाइटवॉच’ नांवाच्या संघटनेंत सामील होण्याचें आवाहन करतो. करावयाचें तरी काय? फार कांहीं नाहीं. डोळे उघडे ठेवावे, शांततेला धोका दिसला तर कळवावें, आणि दंडावर एक काळी पट्टी बांधावी. त्याबद्दल दर आठवड्यास पन्नास क्रेडिट जास्त मिळावयाचे. झॅक ॲलन नांवाचा एक साधा शिपाई विचार करतो, पट्टी तर बांधावयाची आहे, पैसे कोठें वाईट आहेत! झॅक वाईट मनुष्य नाहीं. आयुष्यांत थोडा घसरलेला, गॅरिबाल्डीनें संधि दिल्यामुळें सांवरलेला, आपल्या प्रमुखाबद्दल कृतज्ञ असलेला असा तो आहे. लेखकानें नाइटवॉचची सारी कथा ह्या सामान्य माणसाच्या डोळ्यांतून दाखविली, ही त्याच्या कौशल्याची खरी खूण आहे. दुष्ट माणूस अशा संघटनेंत जातो ह्यांत नवल तें काय? पन्नास क्रेडिटांसाठीं चांगला माणूस कसा जातो, हें कळणें अधिक जरुरीचें आहे.

हें केवळ कल्पनेचें खेळणें नव्हे. जर्मनीत हिटलर अधिकारावर आला त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९३३ च्या फेब्रुवारींत, प्रशियाचें पोलीस खातें हातीं असलेल्या ग्योरिंगनें पक्षाच्या वादळी पथकांतील व तत्सम संघटनांतील सुमारें पन्नास हजार लोकांस साहाय्यक पोलीस म्हणून नेमलें. त्यांच्या गणवेषावर एक पांढरी पट्टी चढविली कीं तो मनुष्य पोलीस झाला. कालपर्यंत रस्त्यांत मारामारी करणाराला आज अटक करण्याचा अधिकार मिळाला. तेथें पक्षाच्या माणसांस पोलिसांची पट्टी बांधली. बॅबिलॉन फाइव्ह मध्यें पोलिसांस पक्षाची पट्टी बांधली. वाटा दोन, पण दोहोंचा शेवट एकच: बंदोबस्त ठेवणारा मनुष्य कायद्याचा न राहतां एका राजकीय मताचा होतो.

पट्टी बांधल्यावरचा प्रवास मालिकेंत पायरीपायरीनें दाखविला आहे. प्रथम कोणीच कांहीं मागत नाहीं. मग सभा होतात आणि सभेंत विचारणा होते, कोणी सरकाराविरुद्ध बोलतांना ऐकलें काय? झॅकसारखा मनुष्य बोलावें कीं न बोलावें अशा पेंचांत पडतो. आणि एखाद्या दुकानदाराच्या तोंडून निघालेला त्रासिक उद्गारहि मग गुन्हा ठरूं लागतो. पूर्वीं गुन्हा म्हणजे कोणी तरी केलेली कृति होती. आतां तो कोणी तरी उच्चारलेलें वाक्य झाला, आणि त्यापुढें कोणी तरी बाळगलेला विचारहि होऊं पाहतो. एकाच दालनांत बसणाऱ्या शिपायांपैकीं कांहींच्या दंडावर पट्टी आहे, कांहींच्या नाहीं. एकाच घरांत दोन चुली झाल्या. गॅरिबाल्डी हुकूम देतो, पण तो हुकूम कितीजण मनापासून पाळतात आणि कितीजण दुसरीकडे कळवितात, हें त्याला ठाऊक नाहीं.

१९९६ सालीं दाखविलेल्या ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ ह्या भागांत ही गोष्ट निकराला येते. राष्ट्राध्यक्ष क्लार्क पृथ्वीवर लष्करी कायदा पुकारतात, लोकप्रतिनिधींची सभा बरखास्त करतात. मागोमाग नगराकडे हुकूम येतो कीं बंदोबस्ताचें सर्व काम ह्यापुढें नाइटवॉचनें पाहावें. पट्टी बांधण्यास नकार देणारांस नोकरींतून काढावें. गॅरिबाल्डी नकार देतो व पदावरून जातो. त्याच्या जागीं झॅकला प्रमुख करतात. ज्यानें हात धरून वर आणलें त्याचीच खुर्ची बक्षीस म्हणून झॅकपुढें येते, आणि गॅरिबाल्डी त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहतो ती नजर हुकुमापेक्षां त्याला जड जाते.

शेरिडनपुढें पेंच असा आहे. हुकूम मोडला तर तें बंड, आणि पाळला तर अडीच लक्ष लोक नाइटवॉचच्या तावडींत जावयाचे. तो आपल्या ओळखीच्या स्मिट्स नांवाच्या सेनापतीशीं बोलतो. सेनापतीला उघड बोलतां येत नाहीं, कारण ऐकणारे ऐकत असतात. तो एवढेंच बजावतो कीं आज्ञेची परंपरा पाळलीच पाहिजे. वरवर पाहतां हा धाक आहे. पण शेरिडन थोड्या विचारानें त्यांतील खूण ओळखतो. सैन्यांतील आज्ञा वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे एका ठराविक सांखळीनें यावयास हवी: राष्ट्राध्यक्षांकडून सेनापतिमंडळाकडे, तेथून पुढें खालीं. आलेला हुकूम होता राजकीय कचेरीचा. ती कचेरी नागरी खातें. सैनिकांस थेट हुकूम सोडण्याचा अधिकार तिला नाहीं. तेव्हां हुकूमच बेकायदेशीर, आणि त्याप्रमाणें नगराचा बंदोबस्त बळकावणारे नाइटवॉचवालेच अपराधी ठरले.

येथें आपल्याकडील कायद्याची आठवण होणें साहजिक आहे. १९५० च्या सैन्य अधिनियमांत ४१ व्या कलमानें वरिष्ठाची आज्ञा न पाळणें हा गुन्हा ठरविला आहे. परंतु तेथें आज्ञेमागें ‘कायदेशीर’ हें विशेषण लावलेलें आहे. तें एक विशेषण गळलें असतें तर शिपाई म्हणजे हुकूम देणाराच्या हातांतील नुसती काठी ठरला असता. तें आहे म्हणून तो कायद्याचा नोकर ठरतो. अर्थात् प्रत्येक शिपायानें प्रत्येक हुकुमाची चिकित्सा करीत बसावें असा ह्याचा अर्थ नाहीं. तसें झालें तर सैन्य एक दिवसहि चालावयाचें नाहीं. परंतु हुकूम कोठून आला आणि तो देणारास तसा अधिकार आहे काय, हे दोन प्रश्न विचारण्यास शिस्तीची आडकाठी नाहीं. शिस्तीचा पायाच त्यांवर आहे.

कायद्याचा मुद्दा सांपडला तरी हत्यारबंद माणसांना पकडावयाचें कोणीं? तें काम झॅक करतो. शेरिडन व गॅरिबाल्डी हे नार्न जातीच्या लोकांना पहाऱ्यावर आणून नाइटवॉचची उचलबांगडी करणार आहेत, ते अमक्या गोदींत उतरणार आहेत, अशी बातमी तो आपल्या लोकांना देतो. त्यांना वाटेंतच गांठावें म्हणून नाइटवॉचचे सर्व शिपाई तेथें जमतात, दरवाजे बंद होतात, आणि सारे अलगद कोंडले जातात. पट्टी बांधतांना झॅकनें फारसा विचार केलेला नव्हता; ती सोडतांना त्याला पुष्कळ विचार करावा लागला. जातांना लागलेला वेळ आणि परततांना लागलेला वेळ ह्यांतील हें अंतर लेखकानें कोणतेंहि भाषण न घालतां दाखविलें आहे.

रिकाम्या झालेल्या पहाऱ्यांवर मग खरोखरच नार्न लोक नेमले जातात. त्यांचा देश सेंटॉरी नांवाच्या दुसऱ्या जातीनें जिंकून घेतलेला असतो. त्यांचा वकील गकार हा त्यांना ह्या कामासाठीं पुढें आणतो. पृथ्वीच्या राजकारणांत त्यांचा कोणताच पक्ष नाहीं, म्हणून तेवढ्यापुरते ते विश्वासाचे. स्वतःच्या शिपायांवर भरंवसा न उरल्यामुळें परक्यांच्या हातीं किल्ल्या द्याव्या लागल्या, ही गोष्ट मात्र कोणत्याहि पोलीस दलास भूषणावह नव्हे. एकदां फुटलेलें दल पुन्हां सांधणें किती कठीण असतें, हें ह्या नेमणुकीवरून दिसतें.

येथें विचारी प्रेक्षकाच्या मनांत एक शंका येते. क्लार्कनें तोच हुकूम स्वतःच्या सहीनें, सेनापतींच्या मार्फत धाडला असता, तर? तर तो नियमाप्रमाणें झाला असता, आणि शेरिडनच्या हातीं पुस्तक उरलें नसतें. शत्रूनें घाईंत केलेल्या चुकीमुळें हे लोक वांचले. शिवाय शेरिडन स्वतः अगदीं निर्लेप नव्हता. क्लार्कविरुद्ध पुरावा गोळा करणाऱ्या गुप्त मंडळांत तो पूर्वींपासून होता. मालिका ही शंका टाळीत नाहीं. लगेच पुढच्या, ‘सेव्हर्ड ड्रीम्स’ नांवाच्या भागांत क्लार्कच्या हुकुमानें मंगळावरील नागरिकांवर बाँब टाकले जातात. आतां हुकूम सांखळीनेंच येतो, पण माणुसकीच्या विरुद्ध येतो. तेव्हां शेरिडनला नियमांचा आडोसा सोडून, आपलें नगर पृथ्वीच्या शासनापासून स्वतंत्र झालें असें उघडपणें जाहीर करावें लागतें, आणि त्याची किंमत लगेच लढाईनें व मनुष्यहानीनें चुकवावी लागते. विज्ञानकथेसाठीं दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार ह्या भागाला १९९७ सालीं मिळाला.

ह्यावरून नियम निरुपयोगी आहेत असें अनुमान काढणें बरोबर होणार नाहीं. नियमांनीं संकट टळलें नाहीं, हें खरें. पण त्यांनीं वेळ मिळवून दिला, आणि कोण कोठें उभा आहे हें स्पष्ट केलें. नाइटवॉचच्या शिपायांस पकडलें तें कायद्याच्या नांवानें, सूड म्हणून नव्हे. म्हणूनच झॅकसारख्या डळमळीत माणसाला त्या बाजूला येतां आलें. समोर केवळ दोन टोळ्या असत्या, तर त्यानें जास्त पगार देणारी टोळी धरली असती व त्याला दोष देणेंहि कठीण झालें असतें. नंतर पांचव्या पर्वांत हाच झॅक नगराच्या बंदोबस्ताचा प्रमुख म्हणून काम करतांना दिसतो. ज्याला एकदां मोह झाला होता त्याच्याच हातीं दल सोंपविलेलें पाहून आश्चर्य वाटत नाहीं. मोहाची किंमत त्याच्याइतकी त्या दलांत दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

परग्रह, मिनबारी, फिरणारें नगर, हें सारें बाजूला ठेवलें तरी ह्या कथेंतून सुशिक्षित गृहस्थानें घरीं न्यावें असें पुष्कळ उरतें. शाळेंत, कचेरींत, सोसायटींत, कोठेंहि बंदोबस्ताचें काम कोणाला तरी द्यावेंच लागतें. तें देतांना त्या माणसाला काय करतां येईल हें सांगण्याची आपली रीत असते. काय करतां येणार नाहीं, हें सांगावयाचें राहून जातें. लष्करी पोलिसास पकडतां येतें, पण शिक्षा देतां येत नाहीं. आज्ञा पाळावी लागते, पण ती कायदेशीर असेल तरच. हीं दोन वाक्यें कायद्याच्या पुस्तकांत अगदीं रुक्ष दिसतात. छावणीच्या रस्त्यावर तांबडी टोपी घालून उभ्या असलेल्या त्या शिपायाकडे नागरिक निर्धास्तपणें पाहतो, तें त्यांच्याच भरंवशावर.